भाच्याचं सॉफ्टवेअर काढा, कापसाच्या खोलीत बसा

पत्र

भाऊ, नमस्कार. आमचं बारा-तेरा बायांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतो. आमच्यातल्या दोन म्हाताऱ्या बायांजवळ अशी भजनं अन् भुलाबाईची गाणी आहेत का ते कोणत्याच पुस्तकात भेटत नाही. त्यायच्याच आवाजात ते धरून ठेवावं असं वाटते. घरी पोरीचा लॅपटॉप आहे, चार जीबीचा. माह्या ननंदेच्या पोरानं त्यात पेनड्राइव्हवरून रेकॉर्डिंगचं एक मोठं सॉफ्टवेअर टाकून देल्लं. अँटिव्हायरस बंद करा लागते म्हणे. तवापासून लॅपटॉप लय हँग होते. त्याच लॅपटॉपवर आमच्या बचत गटाचा हिशोब अन् बँकेचं काम चालते, म्हणून जीव घाबरते. खरंच फुकट अन् चोरीचं नसलेलं असं काही भेटते का? फुकटचं म्हणजे त्यात काही गडबड तं नाही न? आमच्याजवळ पेटी, तबला, खंजिरी, टाळ आहेत, अन् मंदिरातला लाऊडस्पीकरचा सेट आहे. सभामंडपात रेकॉर्डिंग करू असं ठरलं आहे. अन् त्या पोराले कसं सांगू? त्याले वाईट नाही वाटलं पायजे.

एक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, नमस्कार.

होय, मिळतं. खरोखर फुकट, कायद्यानं चोख आणि तुमच्या कामाला पुरून उरेल असं. नाव ऑडॅसिटी. पण ते बसवायच्या आधी लॅपटॉपचं बघावं लागेल. त्यावर गटातल्या बायांचा पैसा आहे, आणि भजन चार दिवस थांबलं तर काही बिघडत नाही.

'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं जे सॉफ्टवेअर सांगतं, त्याला घरात घ्यायचंच नाही. ते बहुधा 'क्रॅक' केलेलं असतं. क्रॅक म्हणजे काय, तर विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप कोणीतरी तोडलेलं असतं. तोडणाऱ्यानं जाता जाता आत आणखी काय भरून ठेवलं, ते ना तुम्हाला दिसतं ना भाच्याला. तुम्ही जे जे टाइप कराल, अगदी बँकेचा पासवर्डसुद्धा, ते परस्पर बाहेर पाठवणारे प्रोग्राम अशाच वाटेनं येतात. तुमचा लॅपटॉप नुसत्या ओझ्यानंही हँग होत असेल. चार जीबी रॅमवर तसलं अवजड सॉफ्टवेअर धापा टाकणारच. पण गटाच्या पैशाचा मामला असताना 'असेल, नसेल' यावर बसून राहू नये.

तेव्हा बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आजच बदला. तो मोबाइलवरून बदला, त्या लॅपटॉपला हातही लावू नका. मग गटाच्या हिशोबाच्या फायली, फोटो, मुलीची कॉलेजची कागदपत्रं तेवढी कोऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या. सॉफ्टवेअर किंवा सेटअपची एकही फाइल सोबत येऊ देऊ नका. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'रीसेट धिस पीसी' करा आणि सगळं पुसून टाका असं सांगा. नुसतं ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून भागत नाही. तालुक्याच्या दुकानात हे काम देणार असाल तर समोर बसून करून घ्या, कारण एक क्रॅक काढून दुसरं क्रॅकवालं विंडोज टाकून देणारेही आहेत. लॅपटॉप घेतला तेव्हा सोबत विंडोज आलेलं असेल, तर त्याचं लायसन्स त्याच मशीनशी बांधलेलं असतं. तीच आवृत्ती पुन्हा बसवली आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप चालू होतं. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

जाता जाता विंडोजचा नंबरही पाहून घ्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप विंडोज ११ घेत असेल तर ते टाका. घेत नसेल तर लिनक्स मिंट हा फुकटचा आणि हलका पर्याय आहे. त्यावर ब्राउझर चालतो, हिशोबाला लिब्रेऑफिस चालतं आणि ऑडॅसिटीही चालतं. मात्र लिनक्स टाकायला माहीतगार माणूस जवळ बसवा.

आता 'फुकटचं म्हणजे गडबड' या शंकेचं. शंका रास्त आहे. आपल्याकडे फुकट आलेल्या वस्तूचे पैसे मागून वसूल होतात, हा सगळ्यांचाच अनुभव. ऑडॅसिटीची गोष्ट वेगळी आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी ते लिहायला घेतलं आणि २००० च्या मे महिन्यात लोकांसाठी खुलं केलं. त्याचं लायसन्स जीपीएल नावाचं आहे. हे सॉफ्टवेअर कोणीही वापरावं, कितीही मशीनवर टाकावं, दुसऱ्याला द्यावं, आत काय लिहिलं आहे ते उघडून वाचावं आणि येत असेल तर बदलावं, अशी त्यात परवानगीच दिलेली आहे. तुम्ही उद्या ते पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या गावच्या मंडळाला दिलंत तरी ती चोरी होत नाही.

भांडणं तिथेही झाली, तीही सांगतो. २०२१ मध्ये ऑडॅसिटी म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेलं. त्यानंतर लगेच, लोक हे सॉफ्टवेअर कसं वापरतात याची माहिती गोळा करायचा बेत पुढे आला. वापरणाऱ्यांनी एवढा गलका केला की कंपनीला तो गुंडाळावा लागला. पुढे जुलैमध्ये प्रायव्हसी पॉलिसीच्या शब्दांवरून पुन्हा जुंपली, मग ते शब्दही बदलले. काही जण तेवढ्यानंही थंड झाले नाहीत. त्यांनी तोच कोड उचलून टेनॅसिटी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं. आतलं सगळं उघड्यावर असलं की अशी चौकीदारी होते. पेनड्राइव्हवरून आलेल्या क्रॅकमध्ये कोण डोकावणार?

ऑडॅसिटी घ्यायचं ते त्यांच्याच साइटवरून, म्हणजे ऑडॅसिटीटीम डॉट ओआरजी. गूगलमध्ये शोधलं की कधी कधी सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेले दुवे येतात, त्यांना भुलू नका. डाउनलोड करताना म्यूज हब नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर पुढे करतात. ते वेगळं आहे, आपल्याला नको. फाइल सेव्ह करताना क्लाउडवर ठेवू का असं विचारलं, तर 'कॉम्प्युटरवरच' निवडा. खातं उघडायची काही गरज नाही. प्रेफरन्सेसमध्ये भाषेच्या यादीत मराठीही आहे, पण माझं मत विचाराल तर इंग्रजीच राहू द्या. यूट्यूबवर शिकवणारे सगळे इंग्रजी बटणांच्या नावानं सांगतात, आणि मराठी पडद्यावर ते बटण शोधत बसणं जास्त कटकटीचं होतं.

तुमच्या वाचनात आणखी नावं येतील, म्हणून थोडक्यात. आर्डर हे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं आणखी मोठं, खऱ्या स्टुडिओच्या धर्तीचं सॉफ्टवेअर आहे. तेही ऑडॅसिटीसारखंच मुक्त, म्हणजे वापरायला, वाटायला आणि बदलायला मोकळं आहे, पण त्यांच्या साइटवर तयार सेटअप हवा असेल तर थोडे पैसे मागतात. लिनक्सवर ते बहुधा फुकट बसवता येतं. पेटीला एक माइक, तबल्याला दोन, गाणारीला एक, असा थाट असेल तेव्हा आर्डर. आज तुम्हाला ते नको. हायड्रोजन हे फक्त ठेक्यांचं आहे. एलएमएमएसमध्ये कॉम्प्युटरवरच सूर-ताल रचता येतात, पण माइकवरून गाणं रेकॉर्ड करायला ते कामाचं नाही. रीपर चांगलं आहे, हलकं आहे, पण मुक्त नाही. ६० दिवस वापरून पाहा आणि मग विकत घ्या, असा त्याचा रोकडा व्यवहार आहे.

सॉफ्टवेअर इथे संपलं. खरी मेहनत पुढे आहे, आणि पहिली गोष्ट म्हणजे सभामंडपाचा बेत रद्द करा. खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना सिमेंट. तिथे भजन गोड लागतं कारण आवाज घुमतो. माइकमध्ये मात्र तोच घुमारा शब्दांवर चढतो, आणि म्हातारीचं बोळकं तोंड, तिचे जुने वऱ्हाडी शब्द, सगळं त्यात वाहून जातं. बाहेरचा घूंघूं आवाज नंतर थोडा कमी करता येतो. घुमारा काढून टाकणं जवळपास अशक्य, फुकटचं घ्या नाही तर लाखाचं घ्या.

तुमच्या भागात रेकॉर्डिंगला सगळ्यात चांगली खोली कोणती, तर जिच्यात कापूस भरला आहे ती. वेचणी सुरू झाली की भावाची वाट पाहत घरोघरी एक खोली कापसानं भरते. त्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टाळी वाजते आणि जागीच मरते, मागे काही उरत नाही. शहरातले स्टुडिओवाले भिंतींना फोम चिकटवून जे साधतात ते तुमच्याकडे आपसूक आहे. मात्र तीन गोष्टी पाळा. भजनाला बसायचं म्हणजे दिवा आणि उदबत्ती आलीच, ती खोलीबाहेर, अंगणात लावा. आत चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, लोंबत्या वायरी काहीही नेऊ नका, लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना आत बसवू नका, कापसाची धूळ आणि खाज दोन्ही असतात. कापूस विकून झाला असेल तर साध्या खोलीत दोरी बांधून गोधड्या आणि रजया टांगा, खाली सतरंजी टाका, तेही पुष्कळ होतं.

वेळही ठरवून घ्या. एप्रिल-मे सोडून द्या. कुलर चालू ठेवला तर रेकॉर्डिंग जातं, बंद केला तर माणसं जातात. पावसाळ्यात टिनाखाली बसणं शक्यच नाही. हिवाळ्यातही घरावर टिनपत्रे असतील तर दुपार टाळा. ऊन चढताना आणि उतरताना पत्रे तडतडतात. आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. दिवाळीनंतर, रात्रीचं जेवण उरकल्यावर, मंदिराचा भोंगा बंद झाला की बसा. कुत्रे भुंकतील, त्याला इलाज नाही. थांबायचं आणि ते कडवं पुन्हा म्हणायचं.

आता माइक. मंदिराचा लाऊडस्पीकरचा सेट आहे म्हणून त्याची वायर लॅपटॉपला जोडू असं कोणी सुचवेल. त्या अ‍ॅम्प्लिफायरमधून भोंग्याकडे जाणारी वायर लॅपटॉपला चुकूनही लावायची नाही. त्या वायरीत भोंगा चालवायची ताकद असते, लॅपटॉप जळेल. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'लाइन आउट' लिहिलेली जागा असेल तर ती गोष्ट निराळी, पण तेही माहीतगारासमोरच. त्या सेटचा माइक जाड पिनेचा कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या छोट्या भोकात खुपसला तरी बहुतेक वेळा चालत नाही, कारण ते भोक मोबाइलच्या इअरफोनसाठी केलेलं असतं. सरळ एक साधा यूएसबी माइक घ्या. दोन-तीन हजारांच्या आसपास कामचलाऊ मिळतो, बारा घरांत वाटला तर जड नाही. पण पहिल्या महिन्यात तोही घेऊ नका. मुलीच्या मोबाइलवर रेकॉर्डर लावून, मोबाइल हातात न धरता उंच पाटावर उशी ठेवून तिच्यावर ठेवा आणि दोन-तीन गुरुवार रेकॉर्ड करून पाहा. कोणी कुठे बसायचं हे त्यातूनच कळेल. मोबाइलच्या फायली बरेचदा एम-फोर-ए प्रकारच्या असतात, आणि विंडोजवर ऑडॅसिटी त्या नुसती उघडत नाही. त्यासाठी एफएफएमपेग नावाचं जोडसॉफ्टवेअर एकदा टाकावं लागतं. तेही मुक्त आणि फुकट आहे.

बसण्याचं सांगतो. माइक एकच आहे असं धरा. म्हणणारी बाई माइकपासून वीतभर ते हातभर, आणि माइक तोंडाच्या थोडा बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ' म्हणताना फुंकर थेट आत जात नाही. पेटी तिच्या एका बाजूला, दोन-अडीच हात लांब. तबला दुसऱ्या बाजूला. मागून धरणाऱ्या बाया अर्धगोल करून मागे. टाळ सगळ्यात शेवटी, जमलं तर दाराजवळ. टाळवाल्या बायांना हा अपमान वाटेल, म्हणून आधीच सांगा की टाळ सगळ्यांत लांब पोचतो म्हणून तो मागे. खंजिरीचंही तेच. तुकडोजी महाराजांमुळे आपल्याकडे खंजिरीला मोठा मान आहे, पण तिच्या चकत्या माइकला फार टोचतात. तिला एका कडेला, थोडी तिरपी बसवा.

आधी पेटी-तबला रेकॉर्ड करू आणि मग कानाला लावून त्यावर गाऊ, असं भाचा म्हणेल. सिनेमाची गाणी तशी होतात. तुम्ही तसं करू नका. भजनात बाई एक ओळ लांबवते, तबला तिच्यासाठी थांबतो, मागच्या बाया तिच्याकडे बघून उचलतात. ते सगळं एकदम बसल्याशिवाय होत नाही.

रेकॉर्ड करण्याआधी ऑडॅसिटीत वर 'ऑडिओ सेटअप' आहे तिथे तुमचा माइक निवडा आणि एका माइकला मोनो, म्हणजे एकपदरी आवाज, ठेवा. लाल गोल बटण दाबलं की सुरू. आधी सगळ्यांत मोठ्यांदा जे म्हणणार असाल ते म्हणून पाहा. वरची हिरवी पट्टी उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये नाचली पाहिजे. शून्याला टेकून लाल झाली तर आवाज फाटला. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. थोडा हळू आला तर वाढवता येतो. शंका असेल तेव्हा हळूच घ्या.

एक घोळ हमखास होतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. एका मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी तो ऐकला आहे. पेटीवाल्यानं षड्ज धरला, पहिले दोन-तीन सेकंद तो भरघोस आला आणि मग हळूहळू विरत गेला. भाता तर नीट चालू होता. बाई गायला लागली की सूर परत यायचा, ती थांबली की पुन्हा बुडायचा. पेटी तपासली, माइक बदलला. दोष विंडोजचा होता. माइकच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' नावाची सोय असते, ती मीटिंगसाठी केलेली आहे. सलग एकसारखा आवाज ऐकला की तिला तो पंखा वाटतो आणि ती तो दाबते. पेटीचा धरलेला सूर तिच्या लेखी पंखाच. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आपला माइक उघडून ही सोय बंद करा. लॅपटॉपच्या कंपनीनं 'नॉइज कॅन्सलेशन'चं स्वतःचं काही दिलं असेल तर तेही बंद.

लाइट जाईल. जाऊ द्या. बॅटरीवर असाल तर रेकॉर्डिंग थांबत नाही, शिवाय चार्जर लावल्यावर कधी कधी जी घूं ऐकू येते तीही येत नाही. बॅटरी दगा देऊन लॅपटॉप मध्येच बंद पडला, तर पुन्हा सुरू करून ऑडॅसिटी उघडा, ते स्वतःच विचारतं की अर्धवट राहिलेलं परत आणू का. हो म्हणा. बहुतेक सगळं परत येतं.

रेकॉर्ड सुरू केल्यावर लगेच गाऊ नका. पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसा, बांगड्यासुद्धा वाजू देऊ नका. ही पाच सेकंदांची शांतता नंतर कामाला येते. तेवढा तुकडा निवडायचा, 'नॉइज रिडक्शन'मध्ये जाऊन 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचं, मग सगळं गाणं निवडून तोच इफेक्ट पुन्हा लावायचा. खोलीचा जो मूळचा घूं आहे तो त्याला कळलेला असतो, तेवढाच तो कमी करतो. पण हात आखडता ठेवा, ६ ते १२ डेसिबलच्या पुढे जाऊ नका. तणनाशकासारखं आहे हे, मात्रा वाढली की पीकही करपतं. इथे पहिला बळी टाळाचा जातो. टाळाची जी शेपटी हवेत रेंगाळते ती सॉफ्टवेअरला खरखर वाटते, आणि मग टाळ पाण्यात वाजवल्यासारखा येतो. तसं झालं तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे फिरा आणि कमी मात्रेनं लावा. घूं इतकी वाईट नसते.

दोन्ही म्हाताऱ्यांचं रेकॉर्डिंग मंडळापासून वेगळं करा. पेटी नको, टाळ नको, फक्त त्या आणि समोर कोणीतरी ओळखीचं. नाव, माहेरचं गाव, हे गाणं कोणाकडून शिकलं, कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, हे गाण्याआधी विचारा आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवा. मध्ये त्या विसरतील, हसतील, 'थांब, तसं नाही' म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरतील. त्यातलं काहीही कापू नका. बोलणं सुरू असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी एक खूण पडते, तिच्यावर 'विहिरीचं गाणं', 'सासर-माहेर' असं लिहून ठेवता येतं, पुढे शोधायला सोपं जातं. भुलाबाईची गाणी काही बाया अवेळी म्हणायला तयार होत नाहीत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचेच ते दिवस. तेव्हा घाई न करता त्या दिवसांत, पोरी जमतील तेव्हा मोबाइलवर एकदा घ्या. खिरापत ओळखण्याचा गोंधळही त्यात येऊ द्या. पुढे कापूस आला की निवांत एकट्यानं म्हणवून घ्या.

फायलींचं नीट लक्षात ठेवा, कारण मेहनत इथेच बुडते. ऑडॅसिटी आपली फाइल एयूपी-थ्री नावानं सेव्ह करतं. ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते, मोबाइलवर वाजत नाही. म्हणून प्रत्येक गाणं 'एक्सपोर्ट' करून एकदा डब्ल्यूएव्ही आणि एकदा एमपी-थ्री काढा. पाच मिनिटांचं भजन मोनो डब्ल्यूएव्हीत २६ एमबीच्या आसपास होतं आणि साध्या एमपी-थ्रीत पाचेक एमबी. डब्ल्यूएव्ही जपून ठेवायला, एमपी-थ्री वाटायला. डब्ल्यूएव्ही दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. फाइलच्या नावात गाणं, म्हणणारी आणि तारीख तिन्ही घाला. 'न्यू रेकॉर्डिंग ७' मध्ये काय आहे हे वर्षानं कोणालाच आठवत नाही.

यूट्यूबवर टाकायचं मंडळात कोणीतरी काढेलच. संतांच्या जुन्या अभंगांना हरकत नाही. पण कवी वारल्यानंतर ६० वर्षं त्याच्या रचनेचा हक्क राहतो असा आपल्याकडचा कायदा आहे. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे हिशोबानं ती मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत येते. त्यांची भजनं गावात म्हणा, हवी तितकी म्हणा, पण जाहीर टाकण्याआधी गुरुकुंज मोझरीला एक पत्र लिहून विचारा. आणि सिनेमाच्या चालीवर बांधलेली भजनं, जी प्रत्येक मंडळाजवळ असतात, ती यूट्यूबवर टाकली की चालीवरून कंपनीचा दावा येऊ शकतो. म्हाताऱ्यांच्या गाण्यांचं तर त्यांनाच विचारा. काही गाणी बायाबायांतच म्हणायची असतात. त्या नको म्हणाल्या तर ती घरातच राहू द्या.

राहिला भाचा. ननंदेचा मुलगा आहे, मदत करायला आला होता, त्याला दटावू नका. 'तू टाकलेलं चांगलं होतं, पण गटाच्या मीटिंगमध्ये ठरलं की बँकेच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही ठेवायचं नाही' एवढं सांगा. गटाचं नाव पुढे केलं की कोणाला लागत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये तसा ठराव खरंच लिहून घ्या, म्हणजे खोटंही होणार नाही. आणि रेकॉर्डिंगच्या रात्री त्याला बोलवा, हिरव्या पट्टीवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे द्या. त्या वयाच्या पोराला डीजेची बीट बनवायची हौस असेल तर एलएमएमएस त्याच्यासाठीच आहे, तेही फुकट आणि मुक्त. फक्त ते त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकावं.